मांजराला वेसण नसते

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळपासून आपण कापसाचा भाव, पीक विमा आणि शेतातली वीज यांवर बोलतो आहोत. जेवणानंतरच्या बैठकीचा विषय म्हणून फळ्यावर 'मांजर' असे लिहिले, तेव्हा मागच्या ओळीतून हसू ऐकू आले. हसायला आमची हरकत नाही. पण ज्याच्या घरात ज्वारीची पोती लागली आहेत, ज्याच्या ओसरीत भावाची वाट पाहत कापसाचा ढीग पडला आहे, त्याला मध्यरात्री पोत्यामागची खुडबुड ऐकू आली की त्याचे हसू थांबते.

आधी हिशेब करू. हिशेबाशिवाय बोलायचे नाही, ही आपली सवय आहे. एक मोठा उंदीर दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅम धान्य खातो. वर्षाचे नऊ किलो झाले. घर, गोठा आणि कडब्याची गंजी मिळून वीस उंदीर धरा. वीस ही संख्या आम्ही जपूनच धरतो आहोत. त्यांचे वर्षाचे खाणे झाले एक क्विंटल ऐंशी किलो. हे फक्त पोटात गेलेले. कुरतडलेली पोती, सांडलेले धान्य आणि लेंड्या-मुताने नासलेला माल यात धरलेला नाही. कापसाचे म्हणाल तर उंदराला रुई नको असते, त्याला सरकी हवी असते. सरकी खाण्यासाठी तो बोंड फोडतो, ढिगात बिळे करतो आणि रुई ओढून नेऊन पिलांसाठी गादी घालतो. खताच्या पोत्यापासून वेचणीच्या मजुरीपर्यंत सगळा खर्च आपला, आणि गादीवर झोपणार तो.

उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. एका वेळी सहा-आठ पिले. ती पिले तीनेक महिन्यांत स्वतः आईबाप व्हायला तयार. अशा चक्रवाढ व्याजाचा सावकार आपण जन्मात पाहिला नसेल. या सावकाराच्या मागे रात्रभर जागलीला कोण असते? आपण दमून झोपलेले असतो. कुत्रे अंगणात असते. पोत्यांच्या फटीत, गंजीखाली, माळ्यावर जागलीला असते ते मांजर. ते पगार मागत नाही आणि रजेवर गेले तर सांगूनही जात नाही.

आमची चूक

उपदेश करण्याआधी आमची चूक सांगतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन आम्ही दोघे-तिघे मित्र घाटाखालच्या एका गावात काम करू लागलो, त्याला वीसेक वर्षे झाली. अंगात नवे ज्ञान होते आणि गावात उंदीर फार होते. आम्ही ठरवले, एका आठवड्यात गाव उंदीरमुक्त करायचे. घरोघर विषाच्या वड्या वाटल्या. कुठे ठेवायच्या ते सांगितले, लहान मुलांचे हात पोचू देऊ नका हेही सांगितले. एक गोष्ट सांगायची राहिली. मेलेले आणि झिंगलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा, हे आम्ही सांगितले नाही.

या वड्यांतले विष रक्त गोठू देत नाही. उंदीर ते खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही. चार-पाच दिवस, कधी आठवडाभर तो फिरत राहतो, पण हळूहळू मंद होतो, उजेडात बाहेर येतो. मांजराला असे सावज म्हणजे वाढलेले ताट. एका उंदराने कदाचित काही होत नसेल, पण मांजराने असे पाच-सात उंदीर खाल्ले की ते विष त्याच्या काळजात साठत जाते. दहाव्या-बाराव्या दिवशी गावातली मांजरे दिसेनाशी झाली. काही गोठ्यात मेलेली सापडली, काही सापडलीच नाहीत.

एक म्हातारी होती. रोज दिवेलागणीला ती एका फुटक्या वाटीत चुलीजवळ थोडे दूध ठेवायची. तिची काही ती मांजर नव्हती. मांजर गावाची, दूध आजीचे, एवढाच व्यवहार. आम्ही मोहिमेचा आढावा घ्यायला गेलो तेव्हा आजी म्हणाली, "पोरांनो, तुमी उंदीर मारले ते बरं केलं. आता पुढच्या साली माह्या घरी रातच्याला कोण येईन?" आम्ही हसून वेळ मारून नेली.

पुढच्या साली उत्तर मिळाले. विषातून वाचलेले आणि शेजारच्या शिवारातून आलेले उंदीर पुन्हा वाढले, आणि त्यांच्या मागे लागणारे गावात कोणी उरले नव्हते. त्या साली पाऊसही चांगला झाला होता, धान्यही बरे होते, तेव्हा सगळा दोष मांजरे गेल्याचा, असे आम्ही कृषी पदवीधर म्हणून छातीठोक सांगणार नाही. पण गणित सोपे आहे. उंदराची विण तीन आठवड्यांची, मांजराची नऊ आठवड्यांची. दोघांना एकाच दिवशी मारले तर आधी भरून निघतो तो उंदीर. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे साधले असे आपण म्हणतो. इथे शिंके आम्ही तोडले, बोकाही आम्हीच मारला, आणि साधले ते उंदराचे.

बैल आपण आणला, मांजर आपण होऊन आले

आपल्या दारातली बाकी जनावरे आठवा. बैलाला आपण वेसण घातली, म्हशीला दावे बांधले, कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकून राखणीला बसवले. मांजराला कोणी बांधून आणले? घरच्या मांजराचे मूळ पश्चिम आशियातल्या एका रानमांजरात आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. तिथल्या माणसाने पेरायला आणि धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे, त्यात माणसाजवळ मांजर पुरलेले आहे. म्हणजे ही सोबत इतकी जुनी आहे. तिची सुरुवात कणगीपाशी झाली, हे शेतकऱ्याने विसरू नये. गादीवर बसलेले मांजर शहरातल्या चित्रात नंतर आले.

म्हणून मांजर आपल्याशी नोकरासारखे वागत नाही. हाक मारली तर येईल असे नाही. आज तुमच्या ओसरीत, उद्या शेजाऱ्याच्या गंजीवर, परवा शेतातल्या खोपडीत. पिले सात घरे फिरवते असे आपल्या आया-आज्या सांगत आल्या आहेत, आणि जागा सुरक्षित वाटली नाही की ते खरोखर पिले हलवते. लोक म्हणतात, मांजर बेइमान आहे, त्याला माणसाची माया नाही. आम्हाला तसे वाटत नाही. ते आपल्या कष्टावर जगते, म्हणून कोणाचे मिंधे राहत नाही. हा स्वभाव शेतकऱ्याला तरी परका वाटू नये.

आपण मात्र त्याच्याबाबत दोन टोकांना जातो. आडवे गेले की चप्पल फेकतो. मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागेल म्हणून घाबरतो. त्याला ना चप्पल हवी ना सोने. चप्पल फेकायची नाही, विष चारायचे नाही, आणि दिवेलागणीला एक वाटी ठेवायची, एवढ्यावर त्याचे भागते.

मांजराकडून किती अपेक्षा ठेवायची

आता दुसरी बाजू. मांजर पाळले की उंदीर संपले, असे कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. इंग्लंडमधले चार्ल्स एल्टन नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनी तिथल्या शेतांवरच्या मांजरांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यातून तीन गोष्टी दिसल्या. जिथे उंदीर आधीच माजलेले होते, तिथे नुसती मांजरे आणून ते हटले नाहीत. जिथे एकदा उंदरांचा बंदोबस्त करून मग मांजरे ठेवली, तिथे त्यांनी उंदरांना पुन्हा घुसू दिले नाही. आणि हा पहारा घराभोवती पन्नासेक यार्डांपर्यंतच चालला, तोही मांजरांना रोज थोडे दूध मिळत होते म्हणून. दूध बंद झाले की मांजर दुसरे घर पाहते.

यावरून आपल्याकडचा एक गैरसमज निघून जावा. उपाशी मांजर जास्त उंदीर मारते, म्हणून त्याला खायला घालू नये, असे पुष्कळ जण म्हणतात. पोट भरलेले मांजरही शिकार करतेच, तो त्याचा स्वभाव आहे. उपाशी मांजर उकिरड्यावर जाते, शेजाऱ्याच्या दुधावर जाते, नाही तर गाव सोडते. वाटीभर दूध किंवा भाकरीचा काला हा त्याला तुमच्या खळ्याशी बांधणारा एकमेव दोर आहे.

मांजर पकडते ते मुख्यतः लहान-मध्यम उंदीर आणि पिले. पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला शहाणे मांजर जात नाही. न्यूयॉर्क शहरात मोठ्या उंदरांच्या वस्तीजवळ मांजरांवर पाळत ठेवून केलेली पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिथे मांजरांनी मारलेले उंदीर बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. मांजर दिसले की उंदीर बिळात दडत होते, एवढेच. तेव्हा घुशीसाठी बीळ खणणे आणि पिंजरा लावणे हे आपलेच काम आहे. मांजराला त्याच्या ताकदीचे काम द्या. बैलाला ट्रॅक्टरचे काम सांगितले तर दोष बैलाचा नसतो.

उंदराचा प्रश्न धान्यापुरताच आहे असेही समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची साथ आल्याची बातमी आली, आणि त्यानंतर सुरतेहून लोक गाठोडी घेऊन पळाले. मामल्याबद्दल तेव्हा सांगितले गेले ते असे: हादऱ्यांच्या भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, धान्य मात्र घरातच राहिले, आणि त्या धान्यावर उंदीर वाढले. माणूस, धान्य आणि उंदीर यांची घडी विस्कटली की गोष्ट कुठवर जाते, याची ही आठवण आपल्या शेजारच्या मराठवाड्यातलीच आहे.

शेतातली दोन रानमांजरे

घरच्या मांजराचे झाले. आता शेतातल्या मांजरांकडे येऊ. ही आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत आणि ओळखली नाहीत.

पहिले रानमांजर. काही भागांत त्याला बाऊल म्हणतात. घरच्या मांजरापेक्षा मोठे, उंच पायांचे, मातकट करड्या रंगाचे. अंगावर ठळक ठिपके नाहीत, शेपूट आखूड आणि तिच्या टोकाला काळी वलये, कानाच्या टोकाला केसांचा छोटा झुबका. सकाळ-संध्याकाळ धुऱ्याने चालताना, नाल्याच्या काठाला किंवा ज्वारीच्या ताटात ते दिसते. दुसरी वाघाटी. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ही एक, वजन किलो-दीड किलो. अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पट्टे. ही रात्रीची फिरते, म्हणून क्वचित दिसते. हिचे पिलू दिसले की गावात हाकाटी होते, "बिबट्याचं पिल्लू सापडलं!" पाचशे माणसे जमतात, मोबाइलवर फोटो निघतात, आणि त्या गर्दीत पिलू घाबरून मरते किंवा आईला कायमचे दुरावते.

राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात रानमांजराच्या खाण्याचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मुख्य अन्न उंदीरवर्गातले प्राणी, दिवसाला तीन ते पाच, असे त्यात निघाले. सरिस्का हे जंगल आहे, आपले ज्वारीचे शेत नव्हे, हे खरे. तरी कमीत कमी तीन धरा. पेरणीपासून सोंगणीपर्यंतच्या चार महिन्यांत साडेतीनशेच्या वर उंदीर झाले. आता त्याच चार महिन्यांत त्याने तुमच्या दोन-तीन कोंबड्या नेल्या असे धरा. साडेतीनशे उंदरांची मजुरी तीन कोंबड्या. या दराने काम करणारा मजूर जिल्ह्यात शोधून दाखवा.

कोंबडी ज्या माउलीची गेली तिला हा हिशेब गोड लागत नाही, हे आम्हाला कळते. ती कोंबडी म्हणजे तिच्या हातातला रोकडा पैसा होता, पोराची वही-पाटी त्यातून येत होती. त्यावर उपाय खुराड्याचा आहे. दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत घ्या, खुराड्याला बारीक जाळी लावा, खालून उकरता येणार नाही असे दगड बसवा. मोडक्या खुराड्याचा राग फासे लावून काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोन्ही मांजरांना संरक्षण आहे, त्यांना मारणे गुन्हा आहे.

वन्यप्राणी म्हटले की इथे बसलेल्या अनेकांचे रक्त तापते, आणि ते रास्त आहे. रोह्यांचा कळप एका रात्रीत तूर खाऊन जातो, रानडुकरे ज्वारीची ताटे झोपवतात, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पीक वाळून जाते. त्या प्रश्नावर आपले भांडण चालू आहे, चालू राहील. पण रोह्याचे देणे रानमांजराच्या खात्यावर टाकू नका. रोही आपले पीक खातो. रानमांजर आपले पीक खाणाऱ्याला खाते. खाती वेगळी आहेत, वह्या वेगळ्या ठेवा.

मोठ्या मांजराचीही एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये निघाला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचा मार्ग कळला. तेलंगणाची हद्द, मराठवाडा असे करत तेराशे किलोमीटरच्या वर चालून तो त्या वर्षअखेरीस आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत होती ती बहुतेक आपलीच शेते, कपाशीची, तुरीची, सोयाबीनची. किती रात्री तो आपल्या धुऱ्यांवरून गेला आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. जे लहान मांजर बाराही महिने त्याच धुऱ्यावर राबते, त्याच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून आज हा विषय आम्ही इथे घेतला.

कापसाच्या ढिगातली पिले

२०२२-२३ च्या हंगामात काय झाले ते आपण विसरलो नाही. आदल्या वर्षी कापूस दहा हजारांवर गेला होता, म्हणून पुष्कळांनी माल घरातच ठेवला. भाव काही तसा आला नाही. महिनोन्‌महिने घरात कापूस, अंगाला खाज, झोपायला जागा नाही. त्या दिवसांत आमच्या एका कार्यकर्त्याच्या ओसरीतल्या ढिगात मांजर व्याली. चार पिले. दुसऱ्या दिवशी गाडी भरायची ठरली होती. घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, पिले उचलून बाहेर टाका. बाप म्हणाला, "दोन पोरांचे बाप झालो, वितं जनावर घराभाईर काढाचं का?" शेवटी घरातल्या बाईने मार्ग काढला. एका टोपल्यात जुने लुगडे घातले, मांजर बाहेर गेली असताना पिले त्यात ठेवली आणि टोपले त्याच ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवले. मांजर आली, हुंगली, एकेक पिलू मानेला धरून शेजाऱ्याच्या गोठ्यात घेऊन गेली. गाडी भरली, कापूस गेला. आठ दिवसांनी तिने पिले परत त्याच ओसरीत आणली. कापूस गेला तरी ज्वारी घरातच होती, आणि तिच्या मागे उंदीर होते.

ही गोष्ट मायेची म्हणून सांगितली नाही. त्या ढिगाचा काही भाग मळका झाला, आणि मळक्या कापसाला व्यापारी कवडी म्हणून भाव पाडतो, हेही आम्ही पाहिले आहे. सांगायचे ते एवढेच, की कापूस घरात असेल तर मांजरासाठी आधीच एक टोपले कोपऱ्यात ठेवा. जागा दिली नाही तर ते आपली जागा शोधते, आणि ती नेमकी तुमच्या पांढऱ्या मालात असते.

करायचे काय

आता कामाच्या गोष्टी. घरी जाऊन सांगता येतील अशा.

पहिली गोष्ट, उंदराची मोहीम गावाने मिळून करावी. उंदीर सातबारा पाहून बीळ करत नाही. तुमच्या शेतात बंदोबस्त झाला आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावर बिळे राहिली, तर महिनाभरात तो पुन्हा तुमच्याकडे पाहुणा येतो. सोंगणी, वेचणी झाल्यावर उन्हाळ्यात शेतात खायला कमी असते आणि बिळे उघडी दिसतात. तेव्हा धुरे खणा, रुंद धुरे कमी करा, पऱ्हाटीचे ढीग घराला लावून रचू नका.

दुसरी, धान्य जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे मांजराला मागे शिरता येते. पत्र्याची कोठी असेल तर उत्तम.

तिसरी, विष हा शेवटचा उपाय. वापरायचेच तर मांजरांना चार-आठ दिवस घरात खाऊ घालून बांधील ठेवा, मेलेले आणि झिंगलेले उंदीर सकाळ-संध्याकाळ गोळा करून खोल पुरा, आणि उरलेले विष घरात ठेवू नका. ज्याने आणले त्याने त्याच दिवशी परत करावे किंवा गावाने एका कुलपात ठेवावे. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरात विषाची पुडी असणे म्हणजे काय, हे या मांडवात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. ती पुडी घरात नसेल तर मांजर वाचते, पोर वाचते, आणि एखाद्या वाईट रात्री घरचा कर्ताही वाचतो.

चौथी, शेतातल्या खोपडीवर मांजर हवे असेल तर उंदीर मारणाऱ्या मांजरीचे पिलू आणा, पण दोन महिन्यांचे झाल्यावर. शिकार त्याला आई शिकवते. अर्धमेला उंदीर आणून ती पिलांपुढे सोडते, तीच त्यांची शाळा. आणल्यावर दोन-तीन आठवडे बंद खोलीत ठेवून तिथेच खायला घाला. लगेच सोडले तर ते परत निघून जाते.

पाचवी, संख्या आवरा. खायला घालायचे आणि वीण वाढू द्यायची, मग पोत्यात भरून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडायची, हा प्रकार बंद झाला पाहिजे. नसबंदी करता येते, आपल्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारा. मांजरे फार झाली तर ती तितर, लाव्हे, सरडे यांच्याही मागे लागतात, आणि तेही आपल्या शेतात अळ्या-किडे वेचत असतात.

सहावी, मांजर चावले किंवा ओरबाडले तर हळद-चुना लावून बसू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असे नाही.

सातवी, सोंगणीत रानमांजराची किंवा वाघाटीची पिले सापडली तर हात लावू नका. तेवढा तुकडा त्या दिवशी सोडून दुसऱ्या बाजूने सोंगा. रात्री आई येते आणि पिले हलवते. नाहीच हलवली तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. एका दिवसाचा एक तास जातो, आणि पुढच्या हंगामाचा जागल्या राहतो.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, उंदराला मांजर साक्ष अशी एक म्हण आपल्यात आहे. वाईट काम करणाऱ्यांनी एकमेकांना दुजोरा द्यायचा, असा तिचा अर्थ. आमचा अनुभव उलटा आहे. आमच्या चुकीला ते मांजरच साक्षीदार होते. आम्ही उंदीर मोजले, विषाच्या वड्या मोजल्या, घरे मोजली. आजीच्या चुलीजवळची फुटकी वाटी मात्र आम्ही मोजली नाही, आणि सगळा हिशेब तिथे चुकला.

आजी आता नाही. मागच्या महिन्यात त्या गावात गेलो होतो. दिवेलागणीची वेळ होती. आजीच्या नातसुनेने बोलता बोलता उठून चुलीजवळ वाटी ठेवली. मांजर दिसले नाही. आम्ही विचारले, "येते का?" ती म्हणाली, "येते तवा येते. वाटी असली म्हंजे झालं."

आज घरी गेल्यावर एवढे करा. वाटी ठेवा, पुडी बाहेर काढा. आता चहा घेऊ, आणि नंतर पीक विम्याच्या अर्जांकडे वळू.